एका अक्षराने चुकलेलं इंजिन

व्हॅनचं इंजिन गेलं ते चढावर, भर दुपारी, आणि नेमका शेजारचा मुनसामी मागून येत असताना. यातल्या पहिल्या दोन गोष्टी शिऊ शरण मास्तरांनी नशिबावर ढकलल्या असत्या. तिसरीत मात्र त्यांना शेवटपर्यंत कसलातरी कट वाटत राहिला.

आधी सीटखालून शिट्टी वाजली. या जातीच्या व्हॅनमध्ये इंजिन पुढे नसतं, ड्रायव्हरच्या बुडाखाली असतं. त्यामुळे त्याचं दुखणं सगळ्यात आधी ड्रायव्हरलाच कळतं. शिट्टीमागून वाफ आली, वाफेमागून खट्टकन आवाज आला, आणि मग अशी शांतता पसरली की तशी मास्तरांना उभ्या मुख्याध्यापकीत प्रार्थनेच्या वेळीसुद्धा मिळाली नव्हती.

मुनसामीने आपली छोटी पांढरी गाडी शेजारी आणून लावली आणि काच खाली केली.

“काय मास्तर, चहा ठेवलाय वाटतं?”

“जरा गरम झालीय,” मास्तर खिडकीतून म्हणाले. “थोडी थांबेल आणि निघेल.”

“निघेल ना, न निघायला काय झालं! दोरी कुठंय?”

मुनसामी लांबासा शहरातल्या साखर कारखान्यात उसाच्या गाड्या काट्यावर घ्यायचा. निवृत्त झाला तरी समोर येईल त्या वस्तूचं आणि माणसाचं वजन करायची सवय काही गेली नव्हती. त्याने व्हॅनला दोरी बांधली आणि सगळ्या वस्तीतून, देवळावरून, दुकानावरून, मास्तरांच्या जुन्या शाळेवरून, वरातीच्या वेगाने ओढत नेली. लोक दारात आले. मास्तरांनी स्टिअरिंग असं धरलं होतं, की जणू गाडी तेच चालवताहेत आणि मुनसामी केवळ रस्ता दाखवायला पुढे आहे.

शेजारच्या सीटवर त्यांची बायको बिद्यावती तोंडाला पदर लावून हसत होती. तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला पांढरी पट्टी होती. दिवाळीला घेतलेली चप्पल चावली, एवढंच झालं होतं. पण अंगात साखरेचा आजार. त्यामुळे आरोग्य केंद्रातल्या सिस्टर लितियाने हुकूम सोडला होता की एक दिवसाआड पट्टी बदलायला यायचं म्हणजे यायचं. त्या दिवशीही ती दोघं तिकडूनच परत येत होती.

“दुखतंय का गं?” मास्तरांनी विचारलं.

“छे! काही कळतसुद्धा नाही.”

काही कळत नाही म्हणजे बरं होत आलं, असा हिशेब मास्तरांनी मनाशी केला आणि पुन्हा इंजिनाकडे लक्ष दिलं.

कामता मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे आंब्याचं एक झाड, फांदीला टांगलेली साखळीची कप्पी आणि खाली तेलाने काळी झालेली जमीन. कामता हा अत्यंत आत्मविश्वासू माणूस होता. कोणतंही काम हातात घेताना तो “अर्ध्या दिवसाचं काम” म्हणायचा. त्याच्या झाडाखाली गेल्या निवडणुकीपासून उभ्या असलेल्या तीन गाड्या अर्ध्या दिवसाच्याच होत्या.

“इंजिनाचं हेड चिरलंय, मास्तरजी,” तो आत डोकं घालून म्हणाला. “आणि खालचंही काही खरं नाही. दुरुस्तीत पडू नका. जपानहून उतरलेलं जुनं इंजिन आणा. तिकडचे लोक गाडी वापरत नाहीत हो, पुसत बसतात. नव्यासारखं मिळतं. मी अर्ध्या दिवसात बसवून देतो.”

हा सल्ला वस्तीभर फिरला आणि येताना प्रत्येकाचा शेरा घेऊन आला. पुजारी म्हणाले, शनिवारी लोखंड आणू नका. दुकानदार म्हणाला, डिझेल सोडा, पेट्रोल घाला. मुनसामी म्हणाला, व्हॅनच विका. त्याच्या वजनकाट्यावर व्हॅन आता भंगाराच्या भावाला आली होती.

व्हॅन विकायची म्हणजे काय? सिडनीहून मुलगी, प्रीतिका, दर रविवारी फोन करून सांगायची की बाबा, आता तिकडे काय ठेवलंय, या इकडे. आणि मास्तर दर रविवारी उत्तर द्यायचे की आमची गाडी चालतेय तोवर आमचं चालतंय. त्यांनी हे इतक्या वेळा म्हटलं होतं, की आता गाडी बंद पडली हे मुलीला सांगायचीच चोरी झाली. “गाडी बरी आहे ना?” असं तिने विचारलं, तेव्हा मास्तर “तिला काय धाड भरलीय!” म्हणाले आणि आंब्याचा विषय काढला.

मोठ्या बेटावर, राजधानी सुवाजवळ राहणारा पुतण्या भूपेंद्र अशा कामात वाकबगार होता. म्हणजे तसं तो स्वतःच म्हणायचा.

“काका, मिळालं! तुमच्याच गाडीचं,” त्याने फोनवर सांगितलं. “चकचकीत आहे. फक्त नंबरात शेवटी एक टी जास्त आहे.”

“एका अक्षराने काय होतंय?” मास्तर म्हणाले.

हे वाक्य ज्या माणसाच्या तोंडून गेलं, त्याने आयुष्यभर एका चुकलेल्या काना-मात्रेवरून पोरांचे पूर्ण गुण कापले होते. पण माणूस दुसऱ्याच्या पेपरला जेवढा कडक असतो तेवढा स्वतःच्या पेपरला नसतो.

इंजिन बोटीवर चढलं. ते लांबासाला यायचं होतं, ते तावेउनी बेटावर गेलं. का गेलं हे कुणालाच सांगता येईना. बोटीच्या कचेरीतला माणूस रोज फोनवर म्हणायचा, “तुमचं इंजिन अगदी सुखरूप आहे,” जणू ते मामाकडे सुट्टीला गेलं होतं.

त्या काळात मुनसामी बिद्यावतीला पट्टीला नेत होता. तक्रार न करता नेत होता, पण अबोलपणे नाही. जाताना येताना तो मास्तरांना इंजिनांविषयी, बोटींविषयी आणि पुतण्यांविषयी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचा. मागे बसलेले मास्तर खिडकीबाहेर ऊस बघायचे. फुकटच्या गाडीत बसलेल्या माणसाला मत नसतं, हे त्यांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं.

सिस्टर लितिया पट्टी सोडून अंगठा निरखायची. धिप्पाड बाई, हात मात्र हलके.

“दुखतं का, आजी?”

“नाही गं बाई.”

“तीच तर वाईट बातमी आहे,” सिस्टर म्हणाली आणि मास्तरांकडे वळली. “चुकवू नका हां, मास्तरजी. एकही फेरी चुकवू नका.”

“इंजिन आलं की रोज आणतो,” मास्तर म्हणाले.

शेवटी इंजिन आलं. कुणाच्या तरी न्हाणीघरातल्या गालिच्यात गुंडाळलेलं, दोरीने बांधलेलं. कामताने गालिचा सोडला, इंजिनाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि “अर्ध्या दिवसाचं” म्हणण्याऐवजी डोकं खाजवलं.

“काय झालं?”

“हे टर्बोवालं आहे, मास्तरजी.”

“म्हणजे चांगलं ना?”

“चांगलंच हो. जोरदार. पण ते तुमच्या गाडीत मावत नाही.”

एका अक्षराने काय होतं याची यादी मग रोज एकेक पान उलगडत गेली. बाजूला गोगलगाईसारखं, हवा कोंबणारं एक धूड जास्त होतं, त्यामुळे वरचं झाकण बसेना. खालचं तेलाचं चेंबर पुढे फुगलेलं होतं, ते आडव्या दांडीवर टेकायला लागलं. रबरी पाय जिथे यायला हवेत तिथे आलेच नाहीत. आणि डिझेलचा पंप विजेवर चालणारा निघाला. त्याच्या वायरी तिकडे कुणीतरी पक्कडीने कचाकच कापलेल्या होत्या. शेपटीसारख्या लोंबत होत्या.

“जुन्याचं काढून नव्याला लावू,” कामता म्हणाला. “पंप जुना, चेंबर जुनं. अर्ध्या दिवसाचं काम.”

भूपेंद्रला फोन केला तर तो म्हणाला, “काका, अहो लोक टर्बोसाठी जीव टाकतात! आणि मी तर आधीच सांगितलं होतं की एक टी जास्त आहे.”

आणि ते खरं होतं. सगळ्यात जास्त राग आणणारी गोष्ट हीच होती.

त्या सोमवारी संध्याकाळी मुनसामीच्या पडवीत नेहमीप्रमाणे यांगोनाची बैठक होती. लाकडी परातीत यांगोनाच्या मुळीचं मातकट पाणी, नारळाची करवंटी एकामागून एक हातात, दोन टाळ्या, घोट, पुन्हा टाळ्या. जीभ बधीर होते, पण दुर्दैवाने बोलणं बंद होत नाही.

“मास्तर, मी सांगतो,” मुनसामी करवंटी भरत म्हणाला, “बायको आणि इंजिन, माणसाने न बघता घेऊ नये.”

“मी बायको न बघताच घेतली होती,” मास्तर म्हणाले.

“म्हणून तर म्हणतोय! नशीब एकदाच लागतं.”

सगळे हसले. मास्तरही हसले. इथवर ठीक होतं. पण मुनसामीला आपल्या विनोदाचं वजन करता यायचं नाही. तो पुढे म्हणाला, “आयुष्यभर एकेका अक्षरावरून पोरं नापास केलीत ना, मास्तर? आता बघा, हेडमास्तरच एका अक्षराने नापास!”

पडवी फुटली. पुजारी हसले, दुकानदार हसला, मास्तरांच्या हातून तिसरीत दोनदा नापास झालेला बसचा कंडक्टर तर डोळे पुसायला लागला. मास्तरांनी आपल्या हातातली भरलेली करवंटी न पिता खाली ठेवली. वस्तीत याचा अर्थ सगळ्यांना कळतो: आता संबंध संपला. ते उठले, चपला घातल्या, आणि चालते झाले.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, “यापुढे त्या माणसाच्या गाडीत आपण बसायचं नाही.”

“आणि पट्टीला?” बिद्यावतीने विचारलं.

“बस आहे. टॅक्सी आहे. आठवड्याभरात आपली गाडी आहे. आपण काय त्याच्या दारचे भिकारी आहोत?”

बिद्यावतीला मुनसामीच्या गाडीत बसण्याची लाज नव्हती, पण नवऱ्याला होती, आणि जन्मभर तिने त्याची लाज आपली मानली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुनसामीने कुंपणाजवळ हॉर्न वाजवला. मास्तर बाहेरच आले नाहीत. त्याने पुन्हा वाजवला. मग बायकोला पाठवलं, ती म्हणाली, “अहो मास्तरजी, ते कसे आहेत तुम्हाला माहीत आहे ना. चला.” मास्तर म्हणाले, “आमची सोय झालीय.”

सोय अशी होती: पावसाने उसाच्या रस्त्याची चाळण केली होती, टॅक्सीवाले दुकानापर्यंतच यायचे, बसही तिथूनच. म्हणजे बिद्यावतीने पट्टी बांधलेला पाय चपलेत कसाबसा अडकवून, चिखलातून, खडीवरून दुकानापर्यंत चालायचं. ती चालली. मास्तर छत्री धरून शेजारून चालत होते आणि सांगत होते की पंप एकदा बसला की बाकी काही नाही. केंद्रात पोहोचल्यावर सिस्टरने पट्टी सोडली, तर आत चिखल.

“तुम्ही चालत आणलंत यांना?”

“दुकानापर्यंतच. इंजिनाचं असं झालं सिस्टर, की टर्बो...”

“इंजिनाचं माझ्यासमोर बोलू नका,” सिस्टर लितिया म्हणाली.

मास्तरांना हे लागलं. त्यांच्या मते हल्ली कुणालाच त्यांच्याशी नीट बोलता येत नव्हतं.

पुढच्या फेरीच्या दिवशी गाड्यांच्या कचेरीत जायचं होतं. इंजिन बदललं की नवा नंबर नोंदवावा लागतो, नाहीतर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. कामता म्हणाला, हे आधीच करून टाका. बिद्यावती म्हणाली, “तुम्ही या जाऊन. मी उद्या जाईन पट्टीला. मला आज चालवत नाही.” मास्तरांना बरंच वाटलं. एका दिवसात दोन कामं म्हणजे ओढाताण होते.

कचेरीत खिडकीमागे रेणुका होती. मास्तरांची विद्यार्थिनी, वर्गात पहिली. तिला बघून मास्तरांची कळी खुलली. जगात अजून व्यवस्था शिल्लक होती. त्यांनी इंजिनावरून कागदावर पेन्सिलने घासून आणलेला नंबर पुढे केला.

“मास्तरजी, हा तीन आहे की आठ?”

“आठच असणार.”

“असणार?”

“गंज आहे तिथे. पण आठच.”

“मास्तरजी,” रेणुका अत्यंत आदराने म्हणाली, “तुम्हीच शिकवलं होतंत, उत्तर माहीत नसेल तर अंदाजाने लिहायचं नाही. घासून, नीट दिसेल असा फोटो आणा ना.”

खोलीतल्या बाकावर बसलेली दोन-चार माणसं कौतुकाने मास्तरांकडे बघायला लागली. शिक्षणाचा असा उपयोग होईल, हे मास्तरांना प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

मग “उद्या” गेला इंजिनाखाली पालथं पडून वाळूचा कागद घासण्यात. आकडा तीन निघाला. परवा पाऊस होता. तेरवा रविवार. मधल्या काळात बिद्यावतीने जुन्या साडीची चिंधी उकळून घरच्या घरी पट्टी केली. मास्तर रोज विचारायचे, “कसं आहे?” ती रोज म्हणायची, “बरं आहे.” दोघांनाही त्या उत्तराची गरज होती, म्हणून दोघांनीही ते खरं मानलं. खोलीत एक आंबूस वास यायला लागला होता. उंदीर मेला असेल, म्हणून मास्तरांनी कपाट ओढून बघितलं.

रविवारी प्रीतिकाचा फोन आला. “आईचा अंगठा बरा झाला ना?” आईने स्वतःच फोन घेतला आणि म्हणाली, “अगं, तुझे बाबा रोज जपतात.” मास्तर तेव्हा अंगणात व्हॅनसाठी पिंपातलं डिझेल हातपंपाने ओढत होते.

कामताने एकदाचं इंजिन चढवलं. पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा ते असं सुरू झालं की आंब्यावरच्या साळुंक्या उडाल्या. पुजाऱ्यांनी नारळ फोडला. मग कामताने तेल मोजायची कांडी बाहेर काढली आणि दोघं तिच्याकडे बघत राहिले. तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं. पाणी आत शिरत होतं.

“मधलं गॅस्केट फाटलंय,” कामता म्हणाला. “अर्ध्या दिवसाचं...”

“ते वाक्य बोलू नकोस,” मास्तर म्हणाले.

गॅस्केट सुवाहून यायचं होतं. या वेळी ते तावेउनीला गेलं नाही. एवढी दया दैवाने केली. ते आलं त्या सकाळी मास्तर उजाडताच आंब्याखाली जाऊन बसले. निघताना बिद्यावती त्यांचा सिडनीहून आणलेला लोकरी स्वेटर घालून पलंगावर बसली होती. ऊस तोडणीचे दिवस, उकाड्याने जीव नकोसा होणारा, आणि ही स्वेटरात.

“थंडी वाजतेय?”

“जराशी.”

“आज गाडी सुरू होतेय. दुपारी तुलाच पहिली फेरी. थेट लांबासाच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ, त्या सिस्टरकडे नकोच.”

“बरं,” ती म्हणाली. “मास्तर, जरा लवकर या.”

ती त्यांना असं कधी सांगायची नाही. मास्तरांना ते वाटेत एकदा आठवलं, आणि मग कामताने त्यांच्या हातात पाना दिला.

दुपारनंतर इंजिन सुरू झालं. धूर नाही, गळती नाही, तेल स्वच्छ. कामताने कान लावून ऐकलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्याच्या झाडाखालून एक गाडी खरोखरच निघत होती. मास्तरांनी हॉर्न वाजवत ती घरापर्यंत आणली. मुनसामीच्या घरासमोर आणखी दोनदा वाजवला.

“बिद्या! ये बाहेर, बघ!”

कुणी आलं नाही. आत ती पलंगाशेजारी जमिनीवर बसलेली होती. उठायला गेली होती, जमलं नव्हतं. अंग तव्यासारखं तापलेलं. पाय चिंधीतून वर घोट्यापर्यंत काळानिळा, आणि त्या वासाला आता उंदराचं नाव देता येणार नव्हतं.

“आवाज ऐकला मी,” ती म्हणाली. “चांगलं चालतंय.”

मास्तरांनी तिला कसं उचललं, कसं सीटवर बसवलं, हे त्यांना नंतर आठवलं नाही. गाडी त्यांनी अशी हाकली की वाटेतल्या कोंबड्यांनीही धसका घेतला. नवं इंजिन खरंच जोरदार होतं. ते गावाबाहेरच्या रेल्वे फाटकापर्यंत जोरदार राहिलं. तिथे उसाची गाडी आडवी जात होती, डबे संपता संपेनात, आणि रांगेत थांबल्या थांबल्या इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

किल्ली फिरवली. नुसती घरघर. पुन्हा फिरवली. उसाची गाडी संपली, रांग हलली, मागचे ट्रक भोंगे वाजवायला लागले. मास्तर किल्ली फिरवत राहिले. शेजारी बिद्यावतीचं डोकं खिडकीवर कलंडलं होतं.

बाहेरून कुणीतरी तिच्या बाजूचं दार उघडलं. मुनसामी होता. हॉर्न ऐकून बाहेर आला होता, बिद्यावतीला उचलताना त्याने कुंपणावरून बघितलं होतं, आणि तो गाडी काढून मागोमाग निघाला होता. चहाची चेष्टा नाही, दोरीची नाही, अक्षराची नाही. त्याने तिला दोन्ही हातांवर घेतलं, आपल्या गाडीत मागे झोपवलं आणि मास्तरांना दंडाला धरून तिच्याजवळ बसवलं. त्या माणसाने तेव्हा एखादा टोमणा मारला असता, तर मास्तरांना सोसलं असतं.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने चिंधी कापून काढली.

“हे कधीपासून असं आहे?”

“आधी हेड गेलं,” मास्तर म्हणाले, “मग ते इंजिन तावेउनीला...”

“मी पायाचं विचारतोय, काका.”

इंजिनाची तारीखवार हकिकत मास्तरांना पाठ होती. पायाची माहीत नव्हती.

अंगठा नाही, पाऊल नाही, गुडघ्याखाली काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाला. दुसऱ्या दिवशी काढला. प्रीतिका विमानाने आली. आईजवळ बसून रडली, मग बाहेर येऊन वडिलांसमोर उभी राहिली आणि एकच विचारलं, “टॅक्सी का नाही केली, बाबा? अंगणात बोलवायची. दुप्पट पैसे द्यायचे. मुनसामी काका होते. का नाही?”

मास्तरांनी आयुष्यात हजारो पोरांना “उत्तर दे” म्हणून उभं केलं होतं. त्या दिवशी ते स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. मुलीने वाट बघितली आणि ती आत निघून गेली.

व्हॅन फाटकाजवळून कामताने ओढून नेली. डिझेलची एक नळी बसवताना झाकणाखाली चिमटली होती, बस्स. त्याने ती सरळ केली. त्यानंतर ते इंजिन जे चालू लागलं ते आजतागायत रस्त्यात थांबलेलं नाही. कामता गाडी परत द्यायला आला, ती अंगणात लावली, किल्ली मास्तरांच्या हातात दिली, आणि मजुरीचा विषय न काढता चालत परत गेला. मास्तरांनी किल्ली खिळ्याला अडकवली. बरेच दिवस तिला हात लावला नाही. मुनसामी बिद्यावतीला घरी घेऊन आला, मुनसामीच पट्ट्यांना नेत राहिला. दोघे म्हातारे पुढे बसत आणि रस्त्याकडे बघत. यांगोनाच्या बैठकीला मास्तर पुन्हा गेले नाहीत, आणि मुनसामीनेही त्यांच्याशिवाय परात मांडली नाही.

प्रीतिका परत गेली. एका सकाळी मुनसामीची गाडी त्याचा जावई घेऊन गेला होता, आणि पट्टीचा दिवस होता.

“आपली गाडी आहे ना?” बिद्यावती पडवीतल्या चाकाच्या खुर्चीतून म्हणाली.

“ती नको.”

“का? तिने काय केलंय?”

मास्तरांनी किल्ली काढली. खुर्ची ढकलत व्हॅनपाशी आणली. पण या जातीच्या व्हॅनची पुढची सीट उंच असते, इंजिनाच्या वर. मास्तर सत्तरीचे, अंगाने काटकुळे. त्यांनी तिच्या काखेत हात घातले, एकदा जोर केला, दोनदा केला. ती पायरीपर्यंत आली आणि दोघंही घसरत पुन्हा खुर्चीत आले. मास्तर धापा टाकत उभे राहिले. मग ते कुंपणापाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्या बाजूला तोंड करून मोठ्याने हाक मारली.

“मुनसामी! अरे, जरा हात लावायला ये रे. मला एकट्याला जमत नाही.”

मुनसामी लुंगी सावरत आला. एकाने खांदे धरले, एकाने कंबर. बिद्यावती मध्ये लोंबकळत म्हणाली, “शाबास! अर्धी बाई उचलायला दोन दोन म्हातारे.”

मुनसामीला हसू आलं, त्याने ते दाबलं, आणि मग ते दाबता आलं नाही. मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी मुनसामीला म्हटलं, “मागे बस. उतरवायलाही लागशील.”

व्हॅन निघाली. चढ आला. इंजिन एका लयीत, न कुरकुरता चढत होतं. खाली पत्र्यातून त्याची धग वर यायला लागली, आणि मास्तरांनी सवयीने, रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, “पायांना गरम लागतंय का गं?”

बिद्यावतीने खाली बघितलं. साडी एका बाजूला सपाट पडली होती.

“लागतंय,” ती म्हणाली. “दोन्हींना लागतंय.”

मागे मुनसामी खिडकीबाहेर बघायला लागला. मास्तरांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि तिचा पाय निवेपर्यंत ते तिघं त्या चढावर बसून राहिले.